प्रति: करेरा जीटीचा क्लच
'पोर्शे करेरा जीटी सिग्नलला सारखी बंद पडते, एवढे पैसे मोजून हे कशाला?' असं या स्पोर्ट्स कारबद्दल एका वाचकाने वर म्हटलंय. बंद पडते हे खरं, पण त्यात आपल्या पायाचाही दोष आहे. तो सिरॅमिक क्लच जेमतेम १६९ मिमी व्यासाचा. म्हणून तर इंजिन इतकं खाली बसवता आलं. निघताना अ‍ॅक्सिलरेटरला हात (म्हणजे पाय) लावायचाच नाही, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन आपलं आपण सांभाळतं. सवयीने रेस दिली की झालाच घोळ.

आणि 'भाव वाढवायला गाड्या मुद्दाम कमी काढल्या' हे त्यांचं म्हणणं तर अजिबात पटत नाही. ठरल्या होत्या १५००, बनल्या १२७०. तिचं व्ही-१० (दहा सिलिंडरचं) इंजिन मुळात रेसिंगसाठीचं, तो बेत बारगळला म्हणून रस्त्यावरच्या गाडीत आलं.