मदत हवी आहे: ड्रिप रेट सेट केला तरी टिकत नाही, तुम्ही काय करता?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ड्रिप रेटचं (सलाईनचे मिनिटाला किती थेंब सोडायचे त्याचं) गणित जमतं, म्हणजे 500 मिली सलाईन 4 तासांत द्यायचं आणि सेट 20 थेंबांचा (म्हणजे 1 मिलीचे 20 थेंब पाडणारी नळी) असेल तर 500 गुणिले 20 भागिले 240, मिनिटाला साधारण 42 थेंब. शॉर्टकट पण माहितीये, तासाचे मिली काढून 20 च्या सेटला 3 ने भागायचं, 15 च्या सेटला 4 ने, आणि मायक्रो सेट 60 चा असल्यामुळे जेवढे मिली तेवढेच थेंब (हा सगळ्यात लाडका).

घोळ होतो तो पुढे. रोलर क्लॅम्प (नळीवरचं स्पीड कमीजास्त करायचं चाक) फिरवून मिनिटभर थेंब मोजून बरोबर लावते आणि थोड्या वेळाने बघावं तर पेशंटने हात दुमडलेला नाहीतर बेड खालीवर केलेला, स्पीड पार बदललेला. सीनियर म्हणतात बाटलीवर पट्टी चिकटवून तासातासाच्या खुणा कर, ते करतेच, पण मागे पडलेलं दिसलं की स्पीड वाढवून भरून काढायचं नाही असंही शिकवलंय, मग नक्की करायचं काय? नवीन रेट काढायचा की आधी डॉक्टरांना विचारायचं? आणि 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर चालतं का? वॉर्डात काम केलेल्यांनी सांगा प्लीज.