सारा पेलिन, २००८: जुगार मॅकेन यांचा, पण पत्ते कुणी पिसले?

वाटाड्या

अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा जोडीदार निवडायची वेळ आली की "दुसरी पेलिन होऊ नये म्हणजे मिळवली" हे वाक्य ठरलेलं. त्यामागची गोष्टही ठरलेली. २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांना लहर आली, त्यांनी अलास्काच्या गव्हर्नरबाईंना, म्हणजे सारा पेलिनना, उचलून मंचावर उभं केलं, पक्षातल्या शहाण्यांनी कपाळावर हात मारला आणि पुढे व्हायचं ते झालं, ओबामा जिंकले. शहाण्यांनी कपाळावर हात मारला हे खरं. पण केव्हा मारला, याबद्दल कुणी बोलत नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉन मॅकेन यांच्या मनात होते जो लिबरमन. हे २००० साली अल गोर यांच्याबरोबर डेमोक्रॅटिक पक्षाकडून उपाध्यक्षपदाला उभे होते, पुढे अपक्ष झाले. मॅकेन यांचे जिवलग, आणि इराक युद्धावर दोघांचं एकमत. अडचण अशी की लिबरमन गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. ऑगस्टमध्ये नाव फुटलं आणि पक्षातल्या सनातनी गटाने दम भरला, हा माणूस आणलात तर अधिवेशनात (उमेदवारांवर शिक्कामोर्तब होतं त्या पक्षाच्या मेळाव्यात) उघड बंड होईल. पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर टॉम रिजही त्याच कारणाने मागे पडले. उरले टिम पॉलेंटी आणि मिट रॉम्नी, पण ओबामांच्या लाटेपुढे ही नावं फिकी पडतील असं प्रचार चालवणाऱ्यांना वाटत होतं. मग त्यांच्यातल्याच स्टीव्ह श्मिट आणि रिक डेव्हिस यांनी पेलिनचं नाव लावून धरलं.

२४ ऑगस्टला मॅकेन पेलिनशी फोनवर बोलले. २८ला ॲरिझोनात सेडोनाजवळच्या घरी भेट. २९ला ओहायोतल्या डेटनमध्ये घोषणा. त्या दिवशी मॅकेन ७२ वर्षांचे झाले. पेलिन ४४च्या, गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झालेली नव्हती, त्याआधी वसिला नावाच्या लहानशा गावच्या नगराध्यक्ष. उमेदवारांची कुंडली तपासणारे वकील ए. बी. कल्व्हहाउस यांनी मॅकेनना सांगितलं की यात धोका मोठा आणि लाभही मोठा. लढाऊ विमानं उडवलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे नकार नव्हे, आमंत्रणच की!

माझं म्हणणं असं की पेलिन ही निवड जेवढी श्मिट यांची, तेवढीच लिबरमनना अडवणाऱ्यांची. त्यांनी नकार दिला, पण सगळ्यांना चालेल आणि ओबामांसमोर टिकेलही असं नाव दिलं नाही. निवड झाल्यावर शंका बोलून दाखवल्या त्या पत्रकारांच्या कानात. बोला.

खडूस_काका

मॅकेन काय कुक्कुलं बाळ होते? पाच वर्षांहून अधिक काळ व्हिएतनाममध्ये कैदेत काढलेला माणूस पक्षातल्या चार लोकांच्या धमकीला घाबरला, म्हणून दोष त्या चार लोकांचा? वा रे न्याय.

बरं, लिबरमन नाही तर नाही. पॉलेंटी होते ना? मिनेसोटाचे गव्हर्नर, अधिवेशनही त्यांच्याच राज्यात, सेंट पॉलला. कंटाळवाणे म्हणता? उपाध्यक्ष कंटाळवाणाच असावा. त्याचं खरं काम एकच, वर काही बरंवाईट झालं तर खुर्ची सांभाळायची. उमेदवार ७२ वर्षांचा, २००० साली त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. अशा वेळी ज्या बाईंशी धड दोनतीनदा बोलणं झालंय त्यांना नेमायचं? कारखान्यात साधा सुपरवायझर घेतानासुद्धा आम्ही यापेक्षा जास्त चौकशी करायचो.

बघ्या

जागा धरून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

ओहायोकर

तेव्हा मी डेटनपासून तासाभरावर राहत होतो, म्हणून दोन शब्द.

तुम्ही दोघंही पेलिन म्हणजे संकटच होतं असं धरून चाललाय. आमच्या गल्लीत एक निवृत्त ट्रकचालक होता, पक्का रिपब्लिकन. मॅकेनचं नाव काढलं की नाक मुरडायचा, हा आमच्यातला नाही म्हणायचा. ऑगस्ट संपेपर्यंत त्याच्या अंगणात पाटी नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन लागल्या, आणि बायको शनिवारी प्रचार कार्यालयात फोन करायला जाऊ लागली. त्या दोन पाट्या मॅकेनसाठी नव्हत्या. पेलिनचं अधिवेशनातलं भाषण ३ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं. ओबामांचे जोडीदार बायडेन यांच्याबरोबरचा वादविवाद सुमारे ७ कोटींनी, म्हणजे मॅकेन-ओबामांच्या पहिल्या वादविवादापेक्षा जास्त.

अधिवेशनानंतर मॅकेन चाचण्यांमध्ये पुढे गेले होते हे लोक विसरतात. मग १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली, आणि त्याच दिवशी मॅकेन फ्लोरिडात म्हणाले की अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे. तिथे निवडणूक गेली. पेलिनमुळे नाही.

(अवांतर: घोषणेच्या आदल्या रात्री पेलिनना गुपचूप मिडलटाऊनच्या एका हॉटेलात उतरवलं होतं. म्हणजे पुढे उपाध्यक्ष झालेल्या जेडी व्हान्स यांच्या गावात. ओहायोचं पाणीच तसं असावं.)

निर्विकार

@ओहायोकर, अर्थव्यवस्थेचं मान्य. पण मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीत ६० टक्के लोकांनी पेलिन राष्ट्राध्यक्ष होण्यालायक नाहीत असं सांगितलं होतं. तुमच्या ट्रकवाल्याचं मत मॅकेनना मिळणारच होतं, फार तर तो घरी बसला असता. कुंपणावरचे गेले त्याचं काय?

@वाटाड्या, तुमच्या मांडणीत मोठं भोक आहे. आतल्या लोकांनी आधी का बोललं नाही, असं विचारता. बोलणार कसे? आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून नाव शेवटपर्यंत मूठभर लोकांत दाबून ठेवलं. ओहायोकरांनी सांगितलेलं हॉटेल त्यासाठीच. पक्षाच्या बहुतेक नेत्यांना टीव्हीवर कळलं. ज्याला विचारलंच नाही त्याने वेळेवर हरकत घेतली नाही, हा आरोप कसा काय?

आणि सगळेच कुजबुजले हेही खरं नाही. कॅथलीन पार्कर या उजव्या विचारांच्या स्तंभलेखिकेने सप्टेंबर संपायच्या आत स्वतःच्या नावाने लिहिलं की पेलिनबाईंनी बाजूला व्हावं. त्यावर तिला स्वपक्षीयांकडून शिव्याशापांच्या हजारो ईमेली आल्या. म्हणजे उघड बोलण्याचं बक्षीस काय मिळतं ते सगळ्यांनी पाहिलं.

वाटाड्या

@निर्विकार, पार्करबाईंना मानतो. पण त्या पत्रकार, पक्षाच्या यंत्रणेतल्या नव्हेत. यंत्रणेच्या जवळचे कसे बोलत होते त्याचा नमुना देतो. ३ सप्टेंबर, पेलिनच्या भाषणाच्याच दिवशी दुपारी, एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीवर पेगी नूनन आणि माइक मर्फी बसलेत. नूनन रेगन यांची भाषणं लिहिणारी, मर्फी २००० साली मॅकेन यांचाच रणनीतीकार. कॅमेरा दुसरीकडे वळला, ध्वनिक्षेपक मात्र चालूच राहिला. मर्फी म्हणतोय की ही निवड नुसती हिशेबी आहे, मॅकेनच्या स्वभावाला न शोभणारी. सगळ्यात लायक म्हणून हिला घेतलं का, या प्रश्नावर नूनन "छे" म्हणते, आणि वर "संपलं" असा निकालही देते. कॅमेऱ्यासमोर हीच मंडळी मोजूनमापून बोलत होती. सगळ्यांना जे वाटत होतं ते देशाला कळलं एका बंद न केलेल्या माइकमुळे!

धाकट्या बुशचे माजी परराष्ट्रमंत्री, रिपब्लिकनच असलेले कॉलिन पॉवेल १९ ऑक्टोबरला टीव्हीवर येऊन म्हणाले की पेलिन राष्ट्राध्यक्षपदासाठी तयार नाहीत, आणि ओबामांना पाठिंबा दिला. मतदान ४ नोव्हेंबरला. वरातीमागून घोडं.

गुप्ततेबद्दल: नाव गुप्त का ठेवावं लागलं? लिबरमन यांचं नाव फुटल्यावर काय तमाशा झाला ते पाहिलं होतं म्हणून.

मोरपंखी

इतका वेळ वाचत होते. आता राहवत नाही.

तुम्ही ज्यांना 'शंका' म्हणताय त्यातल्या निम्म्या शंका नव्हत्याच. पाच मुलांची आई, धाकटं बाळ चार महिन्यांचं, हिला जमेल का, असं खुलेआम विचारलं जात होतं. ओबामांच्या दोन लहान मुली होत्या, त्यांना कुणी विचारलं? पक्षाने कपड्यांवर दीड लाख डॉलर खर्च केले याची बातमी झाली, आणि बोल बाईंना. नंतर मॅकेन यांच्याच एका निनावी सल्लागाराने सीएनएनला सांगितलं की ही 'डीव्हा' आहे, कुणाचं ऐकत नाही. पुरुष ऐकत नसला की तो बाणेदार.

मी पेलिनची चाहती नाही. सीबीएस वाहिनीच्या केटी कुरिकने मुलाखतीत विचारलं होतं, जग समजून घेण्यासाठी कोणती वृत्तपत्रं, नियतकालिकं वाचता? त्यात कसला सापळा? तरी एक नाव सांगता आलं नाही, "सगळीच" म्हणाल्या. तिथे मीही टीव्हीसमोर डोळे मिटून घेतले. पण त्या मुलाखतीआधी आठवडेच्या आठवडे त्यांना पत्रकारांपासून लांब ठेवून प्रश्नोत्तरं घोकायला लावणारे कोण होते? हेच आतले. गव्हर्नर म्हणून अलास्कातल्या पत्रकारांना ती बाई रोज तोंड देत होती. नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनवर विचारलं असतं तर भल्याभल्यांना गप्प केलं असतं.

खडूस_काका

मोरपंखीताई, अलास्काच्या पाइपलाइनवर बोलता येणं आणि इराणवर बोलता येणं यात फरक आहे. पुरुष असता तरी मी हेच म्हटलं असतं. १९८८ला थोरल्या बुशनी ४१ वर्षांच्या डॅन क्वेलला जोडीदार म्हणून घेतलं तेव्हा त्याचीही यथेच्छ टिंगल झाली.

ओहायोकर

आणि क्वेलला घेऊन बुश ४० राज्यं जिंकले, काका. माझाच मुद्दा. लोक वरच्या नावाला मत देतात.

नाना_फडतूस

आपल्याकडे बरंय बुवा. जोडीदार निकालानंतर ठरतो, तोही पहाटे.

बघ्या

नाना, धाग्याचं वाटोळं करू नका. (हसलो मात्र.)

जुनी_पाने

आतल्यांच्या शंकेला किती किंमत द्यायची, याची दोन जुनी उदाहरणं.

१९०० साली न्यूयॉर्कचा पक्षसूत्रधार टॉम प्लॅट याला थिओडोर रूझवेल्ट गव्हर्नर म्हणून डोईजड झाले. त्याने त्यांना उपाध्यक्षपदाकडे ढकललं, तिथे गप्प बसतील म्हणून. पक्षाचा अध्यक्ष मार्क हॅना चिडला. या वेड्यात आणि राष्ट्राध्यक्षपदात एकाच माणसाचा जीव आहे हे तुम्हाला कळतंय का, असं तो म्हणाल्याचं सांगतात. सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर बफेलोत गोळ्या झाडल्या गेल्या, आणि 'वेडा' व्हाइट हाउसमध्ये आला. आज त्याचा चेहरा माउंट रशमोरवर आहे.

१९४४ ला उलट. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे, तब्येत खालावलेली. हेन्री वॉलेस उपाध्यक्ष होते आणि कार्यकर्त्यांचे लाडके. पण पक्षाध्यक्ष रॉबर्ट हॅनेगन, ब्राँक्सचे एड फ्लिन वगैरे मंडळींना स्पष्ट दिसत होतं की आपण खरं तर पुढचा राष्ट्राध्यक्ष निवडतोय. ते थेट रूझवेल्टकडे गेले, वॉलेस नको म्हणाले, आणि ट्रुमन यांचं नाव ठेवलं. ट्रुमन उपाध्यक्ष झाल्यावर ८२ दिवसांत राष्ट्राध्यक्ष झाले.

हॅनाचा अंदाज चुकला, हॅनेगनचा बरोबर आला. पण दोघंही निवड व्हायच्या आधी, ज्याला ऐकवायचं त्याच्या तोंडावर बोलले. वाटाड्यांच्या म्हणण्यातला एवढा भाग मला पटतो.

निर्विकार

जुनी_पाने, १९४४ची कौतुकं ठीक आहेत, पण बंद खोलीत चार दादा लोकांनी लोकप्रिय माणसाला बाजूला केलं हीच ती कथा. तेच २००८ मध्ये लिबरमनबाबत केलं की वाटाड्यांना तो अन्याय वाटतो. एकदा ठरवा, आतल्यांनी नकार द्यावा की देऊ नये?

वाटाड्या

द्यावा की. पण नकारासोबत नाव ठेवावं. हॅनेगननी ठेवलं, २००८च्या मंडळींनी ठेवलं नाही.

मोरपंखी

एक राहिलंच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मॅकेनच्या लोकांनी मिशिगन सोडून दिलं, तिथला प्रचार बंद केला. पेलिनना हे पेपरातून कळलं, आणि त्या जाहीरपणे म्हणाल्या की मला हे पटत नाही. म्हणजे निर्णयावर उघड, स्वतःच्या नावाने शंका घेणारी पक्षातली मोठी व्यक्ती हवी होती ना तुम्हाला? तीच होती. तिला काय म्हणाले? हाताबाहेर गेली.

ओहायोकर

+१. आणि लिबरमन घेतले असते तर आमच्या ट्रकवाल्याने पाटी लावली नसतीच, वर मतदानाच्या दिवशी मासे पकडायला गेला असता. इथे लिबरमनचं नाव सगळेच फार प्रेमाने घेताहेत म्हणून आठवण करून दिली.

वाटाड्या

गेला असता, कबूल. पण खुद्द मॅकेन यांनी २०१८ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, लिहून ठेवलं की लिबरमनना न घेतल्याचा पस्तावा होतो. सल्लागारांचा सल्ला राजकीयदृष्ट्या बरोबर होता, पण मनाचा कौल वेगळा होता आणि तो ऐकायला हवा होता.

खडूस_काका

पुन्हा वाचा काय लिहिलंत ते. सल्ला बरोबर होता, मीच माझं ऐकलं नाही, असं म्हणताहेत ते. पेलिनबाईंनाही तिथे बोल लावलेला नाही. ज्याने दोष स्वतःच्या अंगावर घेतला, त्याच्या अंगावरून तो काढून दुसऱ्यांच्या खांद्यावर ठेवायची तुम्हाला एवढी घाई का, ते सांगा.

वाटाड्या

कारण काका, मॅकेननी निदान स्वतःच्या नावाने लिहिलं. अधिवेशनात बंड करू म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर सही करून 'आमचं चुकलं' म्हटलं?

खडूस_काका

त्यांचं चुकलं हे आधी सिद्ध करा, मग सह्या गोळा करू.