मदत हवी आहे : 'सुपरवायझर' केलं आणि ओव्हरटाइम बंद झाला

नमस्कार मंडळी,

जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या एका कारखान्यात नऊ वर्षं लूमवर आहे. आधी रोजावर होतो. दिवसाचे ६०० रुपये आणि आठ तासांवर थांबलो की तासाला १५०. डिसेंबरात पत्र मिळालं : शिफ्ट सुपरवायझर, महिना २०,८००. आईने गल्लीत पेढे वाटले.

आता ड्यूटी सकाळी ७ ते संध्याकाळी ७. जेवणाचा अर्धा तास सोडला तरी साडेअकरा तास भरतात. ओव्हरटाइमचं विचारलं तर ऑफिसातून उत्तर आलं, "तू आता पगारदार. ओव्हरटाइम रोजवाल्यांना."

रात्री हिशेब मांडला. २०,८०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ८००, तासाचे १००. रोजचे साडेतीन तास जादा, महिन्याचे ९१. दुप्पट दराने १८,२०० रुपये होतात! ते मिळत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात तासाला ७० सुद्धा पडत नाहीत. रोजावर असताना ७५ पडायचे.

आणि काम तेच. लूम मीच चालवतो, धागा तुटला की जोडतो, बॉबिन बदलतो. फक्त आठ जणांची हजेरी लिहायचं वाढलं. कुणाला रजा देणं, कामावर घेणं, काढणं यातलं काहीच माझ्या हातात नाही.

जुन्या कारखाना अधिनियमाच्या (१९४८) कलम ५९ मध्ये दुप्पट दर होता, महिनेवारी-रोजंदारी असा भेद नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या कामगार संहितांतही दर दुप्पटच आहे. पण पर्यवेक्षकाचं वेतन १८,००० च्या वर गेलं तर तो 'कामगार' धरत नाहीत. माझं घोडं इथेच अडलंय. पदाचं नाव बघतात की काम? कृपया जाणकारांनी सांगावं, घरचं गणित कोलमडलंय.

प्रतिसाद :
दादा, काम बघतात. मुख्य काम कोणतं, हेच कोर्टं वर्षानुवर्षं तपासत आली आहेत. पत्रात सुपरवायझर लिहिल्याने लूम चालवणारा सुपरवायझर होत नाही, आणि तुम्ही पर्यवेक्षक नसाल तर १८,००० चा प्रश्नच येत नाही. घाईत राजीनामा मात्र देऊ नका. रोजची येण्या-जाण्याची वेळ तारखेसह वहीत लिहा, पगाराची स्लिप मागा (ती देणं मालकावर बंधनकारक आहे), पत्राची झेरॉक्स काढून घरी ठेवा. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. मग सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

धागाकर्ता :
भाऊ, खूप आधार वाटला. पत्र आहे, स्लिपा दोनच आहेत. वही आजपासून सुरू करतो. शिफ्टमधली पोरं मनाने माझ्या बाजूची आहेत, पण सही करायला घाबरतात, आणि त्यांच्यावर मी जबरदस्ती करणार नाही. एकट्याच्या सहीने अर्ज घेतात ना?