लष्करात पाया खणताना शिशाच्या गोळ्या, बटणं, बाटल्यांची बुडं निघालीत, पुढं काय करायचं?

लष्करवाला:
नमस्कार मंडळी, सोलापूरवरून विचारालोय. आमचं आजोबांच्या काळातलं घर लष्कर भागात आहे, ते उतरवून नवीन बांधायचं काम सुरू केलंय. मागच्या परसात कॉलमचे खड्डे घेताना कमरेइतकं खाली गेल्यावर राखाडी मातीचा एक पट्टा लागला आणि त्यातनं काय काय निघायलाच लागलं. गोटीएवढ्या शिशाच्या गोळ्या, वरून पांढरा पापुद्रा आलेल्या. दोनतीन गोळ्या टोकदार आहेत पण खालून पोकळ. पितळी बटणं, एकावर आकडा असावा असं वाटतंय. काळपट हिरव्या जाड काचेच्या बाटल्यांची बुडं, पांढऱ्या मातीच्या बारीक नळ्यांचे तुकडे ज्यांना आरपार भोक आहे, निळ्या नक्षीच्या चिनीमातीच्या बशांचे तुकडे, घोड्याचा नाल, आणि एक तांब्याचं नाणं ज्यावर तराजू दिसतो. वरच्या थरात मात्र काडतुसांच्या पितळी पुंगळ्या मिळाल्या, त्या रिकाम्या आहेत.

काँट्रॅक्टर म्हणतोय पितळ भंगारात घाला आणि बाकीचं भरावात टाका. शेजारचे काका म्हणतात ऑनलाइन विका, लाखात जाईल. बाबांना भीती की कुणाला कळलं तर काम बंद पडेल. मला मात्र हे टाकून द्यावंसं वाटत नाहीये, हे नक्की काय आहे आणि कुणाला दाखवायचं ते सांगा. जेसीबी परवा परत येणार आहे.

सीनाकाठ:
मालक, पहिलं काम म्हणजे जेसीबी थांबवा, निदान तो एक कोपरा तरी. बाकीचे खड्डे चालू द्या.

आता वस्तूंबद्दल. तुम्ही सांगताय त्यावरून हा इंग्रजी फौजेच्या छावणीतला कचऱ्याचा खड्डा वाटतोय. लष्कर, सदर बझार हा सगळा भागच छावणीच्या आधारानं वसलेला आहे, त्यामुळं आश्चर्य काहीच नाही. छावणीत राख, हाडं, फुटकी भांडी, बाटल्या सगळं खड्ड्यात टाकून वरून माती ओढायचे, तुमचा राखाडी पट्टा बहुतेक तोच.

गोल गोळीचा व्यास मोजा. कंपनीच्या फौजेकडं जी ब्राउन बेस नावाची ठासणीची बंदूक होती तिची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची आणि वजनाला ३०-३२ ग्रॅम भरते. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांच्या गोळ्या एका मापाच्या नसतात, लहानमोठ्या असतात. त्यामुळं सगळ्या गोळ्या एकाच मापाच्या निघाल्या तर तो कवायती फौजेचा माल समजा. गोळीवर साच्याची बारीक रेघ आणि शिसं ओतल्याचा टवका तसाच असेल तर ती उडालेली नाही, चपटी झाली असेल तर उडून कशावर तरी आदळलेली आहे. काही गोळ्यांवर दातांच्या खुणा सापडतात, लोक लगेच म्हणतात की ऑपरेशनच्या वेळी शिपायानं वेदनेनं चावली, पण बऱ्याच वेळा ती डुकरांची करामत असते.

खालून पोकळ असलेली टोकदार गोळी नंतरची आहे. १८५३ च्या एनफिल्ड रायफलची, म्हणजे ज्या रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ पेटलं तीच. बार उडाला की पोकळ बूड फुगून नळीतल्या आट्यांत घट्ट बसायचं, म्हणून नेम लांबवर लागायचा. पांढऱ्या नळ्या म्हणजे गोऱ्या सोल्जरांचे मातीचे पाइप. फार ठिसूळ असायचे, मोडले की फेकायचे, म्हणून जगभरच्या इंग्रजी छावण्यांत त्यांचे तुकडे ढिगानं मिळतात. नळीवर कधीकधी बनवणाऱ्याचं नाव आणि गावाचं नाव छापलेलं असतं, ओल्या कापसानं हळू पुसून बघा.

तराजूवाला तांब्याचा पैसा मुंबई इलाख्याचा, १८३५ ला कंपनीनं सगळीकडं एकसारखी नाणी आणली त्याच्या आधीचा. पण नाणी पुढं बरीच वर्षं हातोहात फिरतात, त्यामुळं एका नाण्यावरून खड्ड्याची तारीख ठरवू नका.

भुईकोट_फॅन:
अरे हे तर १८१८ च्या लढाईचं आहे!! मे महिन्यात मन्रो आणि प्रिट्झलर या इंग्रज सेनापतींनी सोलापूरवर हल्ला केला, १० मे ला पेठ घेतली आणि किल्ला १५ मे ला पडला, पेशव्यांच्या बाजूनं गणपतराव पानसे लढत होते. त्याच्या आधी २० फेब्रुवारीला आपल्याच जिल्ह्यात आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. म्हणजे त्या गोळ्या आपल्या लोकांवर झाडलेल्या असू शकतात. अंगावर काटा आला वाचून. पुंगळ्या १९३० ला इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी कायद्याच्या वेळच्या असतील.

सीनाकाठ:
भुईकोट, तुमची तळमळ पटते, मलाही आष्टीच्या माळावर गेलं की तसंच होतं. पण इथं जरा सबुरीनं घेऊ. लढाई झाली पेठेत आणि किल्ल्याच्या अवतीभवती. लढाईच्या जागेवर गोळ्या विखुरलेल्या मिळतात, चपट्या, वाकड्या, आणि सोबत बशा, पाइप, बाटल्या असं घरगुती सामान नसतं. इथं सगळं एका राखेच्या खड्ड्यात आहे, आणि त्यातच एनफिल्डची गोळी आहे म्हणजे तो खड्डा १८५३ च्या आधी बुजलेला असूच शकत नाही. खड्ड्यातली सगळ्यात नवी वस्तू तारीख ठरवते, जुनी नाही.

पुंगळ्यांचंही तसंच. बुडावर अक्षरं आणि आकडे असतात ते वाचा. लांबी साधारण ५६ मिलिमीटर असेल आणि बुडाला कडा असेल तर थ्री नॉट थ्री रायफलची, म्हणजे १८८८ नंतरचीच. 'के एफ' असेल तर खडकीचा दारूगोळा कारखाना. समजा त्यावर १९१८ निघालं तर ती १९१८ च्या आधी उडालेली नाही एवढंच कळतं, ती १९३० मध्येही उडालेली असू शकते आणि चांदमारीत सरावाला पण. मार्शल लॉ आणि त्यानंतर फाशी गेलेले आपले चार हुतात्मे हा विषय सोलापूरकरांच्या काळजाचा आहे, त्याला पुराव्याशिवाय कशाचीही पुंगळी जोडायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठली वस्तू नेमकी कुठं पडली होती यावरून केवढं कळतं त्याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत मोंटानामध्ये लिटल बिगहॉर्न म्हणून ठिकाण आहे, १८७६ ला तिथं कस्टरच्या घोडदळाची तुकडी मूळ रहिवासी योद्ध्यांनी कापून काढली. १९८३ ला तिथलं गवत पेटलं आणि रान उघडं पडलं, मग १९८४ पासून पुरातत्त्ववाल्यांनी मेटल डिटेक्टर घेऊन ओळीनं सगळा माळ पिंजला, प्रत्येक पुंगळीच्या जागी झेंडी लावली, नकाशावर घेतली, मगच उचलली. बंदुकीच्या खिळीचा ठसा प्रत्येक पुंगळीवर वेगळा उमटतो, त्यावरून एकच बंदूक टेकडीवर कुठून कुठं सरकत गेली हे त्यांना काढता आलं. शंभर वर्षं पुस्तकात जे एका बाजूनं लिहिलं होतं त्याला जमिनीनं उत्तर दिलं. त्या पुंगळ्या गोळा करून एका डब्यात घातल्या असत्या तर काय कळलं असतं? म्हणून म्हणतो, लष्करवाले, तुमच्या वस्तूंपेक्षा तुमचा खड्डा महत्त्वाचा आहे.

वकीलीण_होटगी_रोड:
कायद्याचं सांगते, घाबरायचं कारण नाही पण लपवायचं पण नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवता ठेवून घेतलं तर सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसरा १९७२ चा पुरावस्तू कायदा, शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला पुरावस्तू म्हणतात, त्याचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि देशाबाहेर पाठवणं तर सामान्य माणसाला बंदच. त्यामुळं शेजारच्या काकांना सांगा की ऑनलाइन विकायचा विचार सोडून द्या.

काम बंद पडण्याची भीती बऱ्याच जणांना असते आणि त्यापायी कितीतरी गोष्टी रात्रीत भरावात जातात, याचं फार वाईट वाटतं. बांधकामावर जी कडक बंधनं आहेत ती संरक्षित स्मारकाच्या भोवतीची, १०० मीटरपर्यंत मनाई आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी. तुमचं घर किल्ल्यापासून तेवढ्या अंतरात नसेल तर तो प्रश्न येत नाही. आधी फोटो काढा, मग बाबांच्या सहीनं अर्ज द्या, पोच घ्या. बाबांचं नाव कागदावर 'कळवणारा' म्हणून आलं की उद्या कुणी बोट दाखवू शकत नाही.

आणि एक, रिकाम्या पुंगळ्या ठीक आहेत पण टोकाला गोळी बसलेलं काडतूस किंवा लोखंडी पोकळ गोळा दिसला तर हात लावू नका, ११२ ला फोन करा. जुनी दारू मेली असेल असं धरून चालायचं नाही.

चिंचपितांबरी_नको:
नाव बघून कळलंच असेल मी काय सांगणार 😀 म्युझियमच्या कामात बरीच वर्षं घालवलीत म्हणून हात जोडून सांगते, यातली एकही वस्तू घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी नाही, ब्रासो तर अजिबात नाही. बटणावरचा आकडा त्या हिरव्या थरातच शिल्लक असतो, घासलं की थर जातो आणि आकडाही जातो. आणि तो आकडा फार कामाचा आहे, कारण १८७१ पर्यंत ब्रिटिश पायदळातल्या साध्या सोल्जरांच्या बटणांवर रेजिमेंटचा नंबर असायचा, नंतर सगळ्यांना सरसकट राजचिन्हाचं बटण दिलं. नंबर वाचता आला तर ती पलटण कोणती हे कळू शकतं. मऊ ब्रशनं सुकी माती झाडा, मोबाइलची बॅटरी एका बाजूनं तिरकी मारा आणि फोटो काढा, डोळ्यांना न दिसणारं फोटोत उमटतं. बटणाची मागची बाजू पण बघा, बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या कारखानदाराचं नाव असतं.

शिशाच्या गोळ्यांवरचा पांढरा थर विषारी आहे, हातमोजे घाला, लहान मुलांना देऊ नका, जेवायच्या आधी हात धुवा. त्या लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, लाकडातून जी आम्लाची वाफ सुटते तिनं शिसं अजून खातं. साध्या झिपवाल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बऱ्या. नाल वेगळ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्रत्येक पिशवीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, कुठला खड्डा, किती खोल, कुठली माती. पेनची शाई ओलीनं पसरते.

बाटल्यांच्या बुडाकडं बघा. बूड आत खोल गेलेलं आणि मधोमध खरबरीत काचेचा व्रण असेल तर ती फुंकून केलेली जुनी बाटली. मानेत चिमटा असेल तर गोटी सोड्याची, त्याचं पेटंट कॉडनं १८७२ ला घेतलं, म्हणजे ती त्याच्या नंतरची.

अजून एक विचारते, लाल मातीच्या चिलमी, साधी खापरं, बांगड्यांचे तुकडे आहेत का त्यात? लोक इंग्रजी वस्तू उचलतात आणि हे टाकून देतात. छावणीत शिपायांपेक्षा बाजारबुणगे कितीतरी जास्त असायचे, भिस्ती, धोबी, मोतद्दार, गवत कापणारे, बाजारातल्या बायका. त्यांची नावं कुठल्याच रेजिमेंटच्या यादीत नाहीत. ती खापरं जपून ठेवा, मला त्याचीच जास्त उत्सुकता आहे.

लष्करवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बाबांना वकील ताईंचा रिप्लाय वाचून दाखवला, ते तयार झालेत, अर्ज उद्याच देतोय. काँट्रॅक्टरनं तो कोपरा सोडून पुढच्या बाजूचं काम घेतलंय. ओळखीच्या सोनाराकडं गोल गोळ्या मोजल्या, बहुतेक सगळ्या सतरा-साडेसतराच्या आसपास आहेत, एकदोन लहान. बटणावर तिरकी बॅटरी मारली तर दोन आकडे दिसतात, पहिला १ आहे, दुसरा नीट लागत नाही. चिलमीचे तुकडे आहेत आणि हिरव्या काचेच्या बांगडीचा एक तुकडा पण, तो मी काल बाजूला टाकला होता, आता पिशवीत घातला. खड्ड्याचा फोटो कसा काढू, फक्त वरून काढला तर चालेल का?

सीनाकाठ:
वरून एक काढाच, पण खड्ड्याची उभी भिंत महत्त्वाची. खुरप्यानं भिंत तासून सरळ करा, थोडं पाणी शिंपडा म्हणजे थर उठून दिसतील, बाजूला टेप उभा लावा आणि सकाळच्या सावलीत समोरून फोटो घ्या. वरचा भराव, मग पुंगळ्यांचा थर, मग राख, खाली मुरूम, असं वहीत चित्र काढून प्रत्येकाची खोली लिहा. खड्डा घराच्या कुठल्या कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे ते दोन बाजूंनी मोजा. अर्जाला हे सगळं जोडा आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पाठवा. आपल्या विद्यापीठातही पुरातत्त्वाचा विभाग आहे, तिथल्या सरांना जेसीबी यायच्या आत बोलावता आलं तर बघा. राख तशीच भिंतीत राहू द्या, ते आले की त्यातनं चाळून हाडं आणि दाणे काढतील.