मदत हवी आहे: नव्या इमारतीतल्या चार खोल्या कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी राखायच्या आहेत (नाशिक)

नमस्कार मंडळी,

सातपूरला वडिलांनी बांधलेल्या खोल्या पाडून आम्ही भावंडं तिथे इमारत उभी करतोय. बारा वन आरके निघतील. त्यातल्या चार कायम कमी भाड्याने, कमी कमाईच्या कुटुंबांनाच द्यायच्या, यावर आमचं एकमत आहे. एमआयडीसीत राबणाऱ्या माणसाला कामाच्या जवळ राहता आलं पाहिजे. जुन्या खोल्या पाडल्या की पहिला तोच लांब जातो, हे डोळ्यांसमोर पाहतोय.

सरकारी नियम पाहिले. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांत २० टक्के घरं दुर्बल व अल्प उत्पन्न गटांना ठेवावी लागतात, पण ती म्हाडामार्फत विकली जातात. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याला गृहकर्ज कोण देणार? परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची केंद्राची २०२० ची योजना संकुलांसाठी आहे. म्हणजे आमचं आम्हीच बसवायचं.

पहिला पेच पात्रतेचा. पंतप्रधान आवास योजनेतली वर्षाला ३ लाखांची मर्यादा धरावी असं वाटतं. केशरी रेशनकार्डाची मर्यादा १ लाख आहे, नवराबायको दोघं कमावते असले की ती ओलांडलीच. पण कमाई पाहायची कशी? आमचे एक जुने भाडेकरू प्रेसमशीनवर आहेत. ओव्हरटाइम असलेल्या महिन्याची त्यांची पगाराची स्लिप आणि नसलेल्या महिन्याची, दोन्ही शेजारी ठेवल्या तर एकाच माणसाच्या वाटत नाहीत. त्यांच्या पत्नी घरी बसून शिवणकाम करतात, त्याचा तर कागदच नाही. तहसीलचा दाखला पुरेसा मानावा का?

कुणाचा मुलगा आयटीआय करून कामाला लागला आणि मर्यादा ओलांडली तर? घर खाली करायला सांगणं मला पटत नाही. त्या खोलीचं भाडं हळूहळू बाजाराइतकं न्यायचं आणि पुढची रिकामी होणारी खोली राखीव धरायची, असं सुचतंय. कुणी असं केलंय का?

सगळ्यात मोठी काळजी आमच्या पश्चात काय, ही. लिव्ह अँड लायसन्सचा करार आम्ही नोंदवणारच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती मालकाचीच जबाबदारी. पण त्याने पुढची पिढी बांधली जात नाही. दानपत्रात ‘कधीच विकायचं नाही’ अशी अट घातली तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० पुढे ती टिकत नाही, असं वकील म्हणाले. सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) केला तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विक्री होणार नाही, हे मला हवंच आहे. पण चार खोल्यांसाठी दरवर्षीचे हिशेब, ऑडिट, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, हे झेपेल का?

न्यास चालवणाऱ्यांनी किंवा असं काम केलेल्या वकिलांनी कृपया सांगा. न्यासाच्या उद्देशात भाडं आणि पात्रता कशी लिहायची, याचा मसुदा कुणाकडे असेल तर फार उपयोग होईल. नकाशा मंजुरीला गेलाय, त्यामुळे खोल्या कुणाच्या नावावर ठेवायच्या ते लवकर ठरवायचं आहे.