आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी सेडान: नवी मधल्या व्हेरियंटची की चार वर्षं वापरलेली? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दोन महिने झाले, गाडीचा निर्णय होत नाहीये. शोरूम फिरून झाली, जुन्या गाड्या बघून झाल्या, घरात रोज रात्री त्याच विषयावर बोलणं होतं. इथे जुन्या-नव्या दोन्ही गाड्या वापरलेली बरीच माणसं आहेत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही पुण्यात वारज्याला राहतो. माहेर सांगली. आई-बाबांना महिन्यातून एकदा आणणं किंवा सोडणं असतं: सातारा, कराड आणि पेठ नाक्यावरून आत. एरवी माझं रोजचं वारजे ते हिंजवडी, आणि त्या रांगेत क्लच दाबून माझा डावा पाय कामातून गेलाय. म्हणून ऑटोमॅटिकच हवी. वर्षाचं रनिंग बारा हजार किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे डिझेलचा विचार सोडून दिला.

बहुतेकांचं पहिलं उत्तर येईल, "एसयूव्ही घ्या." ती का नको, ते आधीच सांगते. आईला गाडी लागते. भावाच्या उंच गाडीत मागच्या सीटवर बसून ती खंबाटकीच्या वळणांवर इतकी हेलकावली, की खाली उतरल्यावर रस्त्याच्या कडेला अर्धा तास डोळे मिटून बसून राहिली. तीच आई माझ्या मावसभावाच्या सेडानमध्ये कोल्हापूरपर्यंत झोपत गेली. शिवाय वॉकर, दोन बॅगा, तांदळाचं पोतं आणि परत येताना भाजी, हे सगळं डिकीत बंद झालेलं बरं असतं. दुसरी बाजू अशी की मागच्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सेडानची सीट खाली असते. माझं सगळं घोडं इथेच अडलंय.

म्हणून शोरूममध्ये आईलाच घेऊन जायला लागले. ती आधी पाठमोरी टेकते, मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेते. उतरताना एक हात दाराच्या चौकटीला आणि दुसरा पुढच्या सीटच्या पाठीला. दाराची चौकट उतरती असेल तर तिचं डोकं आपटतं, दार पुरतं उघडत नसेल तर तो पाय बाहेर येत नाही. सेल्समन सनरूफ दाखवत होता आणि मी हे बघत होते. घरच्या ज्या खुर्चीवरून ती आधाराशिवाय उठते, तिची उंची टेपने मोजून अठरा इंच भरली. एकाही सेडानची मागची सीट तेवढी नव्हती, हे अपेक्षितच होतं. पण किती कमी आणि उठताना धरायला काय आहे, यात गाडीगणिक खूप फरक पडला.

पाहिलेल्या नव्या गाड्या: स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या मुळात एकच, दोन्ही आपल्या चाकणला बनतात. १.० टर्बो इंजिन, ११५ पीएस, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत दोन्हींना पाच तारे मिळाले, आणि दार लावल्यावरच गाडी भक्कम वाटते. ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर, म्हणजे आमच्या सोसायटीच्या गतिरोधकावर पोट घासणार नाही. घाटात ही गाडी सगळ्यात जास्त आवडली. मागे दोघं आरामात, तिसऱ्याच्या पायाखाली मधला उंचवटा येतो. ह्युंदाई व्हर्ना आतून ऐसपैस, तिलाही त्याच वर्षी पाच तारे, डिकी ५२८ लिटरची. पण मागे उतरत जाणारं छत आईला नडलं. बाबा पावणेसहा फुटांच्या वर आहेत, त्यांचं डोकंही छताच्या अगदी जवळ गेलं. होंडा सिटीत आई सगळ्यात कमी धडपडीत बसली. हायब्रिड सिटी बजेटबाहेरची आहे, आणि तिच्यात बॅटरीमुळे डिकी ५०६ वरून ३०६ लिटरवर येते, मग वॉकर ठेवायचा कुठे? मारुती सियाझ एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. मागे पाय पसरायला तिच्याइतकी जागा इतर गाड्यांत नाही, पण ऑटोमॅटिक चारच गिअरचा आणि एअरबॅग दोन, म्हणून मन घेत नाही.

आता पैशांचं. सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवरचा कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला, नव्या गाड्या तेवढ्या उतरल्या. तरी आपल्याकडे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आरटीओचा टॅक्स १२ टक्के आहे. एक्स-शोरूम साडेतेरा लाख धरली तर एक लाख बासष्ट हजार नुसता टॅक्स. विमा वगैरे धरून मला मिळालेलं मधल्या व्हेरियंटच्या ऑटोमॅटिकचं कोटेशन सोळा लाखांच्या घरात गेलं. आमच्याकडे रोख सात आहेत, वर कर्ज. नवऱ्याचं म्हणणं, हप्ता सात वर्षांचा करू. मला सात वर्षं नकोत, मुलीची दहावी-बारावी त्यातच येते.

म्हणून जुन्यांकडे वळले, आणि पहिलाच अनुभव मनाला लागला. शहरातल्या एका दुकानात २०१८ ची गाडी होती, बाहेरून आरसा. फक्त ३८ हजार चालली आहे म्हणाले. मी मागे बसले आणि सहज सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर फिकट तपकिरी रेघ होती आणि नखाने खरवडल्यावर बारीक पूड निघाली. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या घरात पाणी शिरलं होतं. भिंतीवरचा तो गाळ आम्ही आठ दिवस खरवडत होतो, त्याचा वास मी कुठेही ओळखेन. डिकीतलं मॅट उचलून स्टेपनीचा खड्डा बघितला तर बोल्टांना गंज. विचारल्यावर "वॉशिंगचं पाणी असेल मॅडम" म्हणाले. या गाडीत कुणीतरी आपल्या म्हाताऱ्या माणसांना बसवून घाट उतरणार आहे, याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. घरी येईपर्यंत मी थरथरत होते.

त्यानंतर ओळखीतून एक गाडी आली. होंडा सिटी, जून २०२१, पेट्रोल सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक), एमएच-१२ पासिंग, पहिलाच मालक, ४१ हजार किलोमीटर. मालक निवृत्त गृहस्थ, मुलाकडे परदेशी निघालेत. सव्वादहा लाख सांगताहेत. सगळ्या सर्व्हिसची बिलं एका फाइलमध्ये क्रमाने लावलेली. टायर मूळचे आहेत, कडेच्या चार आकड्यांवरून (आठवडा आणि वर्ष) २०२१ च्या सुरुवातीचे. एकच शंका: बोनेट उघडल्यावर डाव्या फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) दोन बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला दिसतो, उजवीकडचे तसेच आहेत. मालक म्हणाले, "रिक्षाने ठोकलं होतं, विम्यात केलं." खरं बोलताहेत असं वाटतं, पण पुराच्या गाडीनंतर माझा धीर होत नाही.

तर विचारायचं हे. फेंडर निघालेला असणं कितपत गंभीर? सीव्हीटी अजून सात-आठ वर्षं साथ देईल का? की ओढाताण करून नवी स्लाव्हियाच घ्यावी? आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस घरी असणाऱ्यांनी मागच्या सीटसाठी काय केलं, तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. तुम्ही सीटबेल्ट ओढून बघितला ते फार बरं केलं. पुराची गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये ओल राहते आणि एअरबॅगचा सेन्सर कधी दगा देईल ते कुणी सांगू शकत नाही.

फेंडर बोल्टवर बसतो. तो काढला-घातला म्हणजे गाडी मेली असं नाही. पुण्यात चार वर्षं फिरून फेंडरला हात न लागलेली गाडी मिळणं अवघड. बघायचं ते त्याच्या आत. फेंडरच्या आतला पत्रा, ज्याला आम्ही एप्रन म्हणतो, त्यावर कंपनीचे गोल वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात. डावीकडचे आणि उजवीकडचे मोबाइलच्या उजेडात ताडून बघा. डावीकडे ठिपके नसतील, लांबी (पुट्टी) भरलेली दिसेल किंवा पत्र्याला सुरकुती असेल तर तिथूनच परत फिरा. दाराचे रबर उपटून खांबही बघा.

दुसरं, चालू विम्याची पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के लिहिलाय ते वाचा. तो वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ असा चढतो आणि क्लेम केला की शून्यावर येतो. जून २०२१ ची गाडी, जून २०२५ ची पॉलिसी: कधीच क्लेम नसेल तर ४५ हवा. २० दिसला तर २०२३-२४ च्या पॉलिसीत क्लेम झालाय. मग त्या महिन्याचं सर्व्हिस सेंटरचं बिल मागायचं. बंपर, फेंडर, हेडलाइट एवढंच असेल तर मालक खरं बोलतोय. रेडिएटर सपोर्ट, एअरबॅग, सस्पेन्शनचा आर्म असलं काही दिसलं तर मार आतपर्यंत गेलाय. फक्त एक लक्षात ठेवा, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या गाडीवरचा बोनस त्यांनी या गाडीला आणला असेल तर हिशेब चुकेल, म्हणून पहिल्या वर्षाची पॉलिसीही बघा.

सीव्हीटीचं ऑइल वेळेवर बदललंय का ते त्या फाइलमध्येच सापडेल. गाडी सकाळी थंड असताना चालू करा. चढावर उभी करून हळू सोडा, हिसका किंवा थरथर येता कामा नये. सीव्हीटीत जोरात दाबलं की आवाज आधी आणि गाडी मागाहून येते, तो दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे. घाटात स्लाव्हियाची मजा तिच्यात नाही. पण मागे आई बसणार असेल तर तुम्ही तशी दाबणारही नाही.

व्यवहारात मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५. ई-चलन बाकी नाही हे बघूनच पैसे द्या. त्यांचा टॅक्स पंधरा वर्षांचा भरलेला आहे, तो तुम्हाला २०३६ पर्यंत चालतो. नवी गाडी घेताना ते दीड लाख पहिल्याच दिवशी जातात.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद छापून घेतला आणि रविवारी तो हातात धरूनच गाडी बघितली.

पॉलिसीवर २० टक्के. पहिल्या पॉलिसीवर शून्य, म्हणजे बोनस बाहेरून आणलेला नाही. जानेवारी २०२४ चं बिल त्यांनी न मागताच काढून दिलं: बंपर, डावा फेंडर, डावा हेडलाइट, रंगकाम. बाकी काही नाही. एप्रनवरचे ठिपके दोन्ही बाजूंचे मोजले, सारखे आहेत. मोजताना मालकसुद्धा माझ्या शेजारी वाकून टॉर्च धरून उभे होते. सीव्हीटीच्या ऑइलची नोंद मात्र फाइलमध्ये सापडली नाही.

मग आईला बसवलं. त्यांच्या पार्किंगमध्ये, दोन्हीकडे गाड्या लागलेल्या, म्हणजे दार अर्धंच उघडत होतं. पहिल्यांदा जमलं नाही. मालकांनी गाडी थोडी पुढे घेतली. दुसऱ्यांदा तिने पाठमोरं टेकून पाय आत घेतला. घरून दोन इंचांची घट्ट फोमची उशी नेली होती, ती खाली घातल्यावर तिसऱ्यांदा उठताना तिने पुढची सीट धरलीच नाही, नुसता दाराला हात लावला. चौथ्यांदा मी सांगितलं नसताना पुन्हा जाऊन बसली आणि म्हणाली, "मान टेकतीय गं इथं नीट."

नवऱ्याचंही आता ठरलंय. कर्ज तीन वर्षांतच फिटेल.

फक्त भाव राहिला. चार टायर आणि सीव्हीटीचं ऑइल मला लगेच करावं लागेल, नव्या गाड्याही कर कमी झाल्याने उतरल्यात. माणूस सरळ आहे, त्यामुळे उगाच पाडून मागायचं जिवावर येतं. साडेनऊ म्हणू की पावणेदहा? बुधवारी संध्याकाळी बोलायला जाणार आहोत.