वाड्याचा निकाल विरोधात गेला, अपील आत्ताच करायचं की फायनल डिक्रीनंतर? मदत हवी आहे

मंडळी, अर्जंट आहे म्हणून इथे विचारतोय. नारायण पेठेत आमचा वाडा, प्रॉपर्टी कार्डावर फक्त आजोबांचं नाव. त्यांच्या धाकट्या भावाने 1978 ला 9,000 रुपये ठरवून हक्कसोड (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) लिहून दिलं आणि ते नाशिकला गेले, पुढे छत्तीस वर्षं तिकडून कोणी फिरकलं नाही. बिल्डर चकरा मारायला लागले तसा 2014 ला त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतकाकांनी, वाटपाचा दावा लावला. (तळमजल्यावरचे भाडेकरू निवांत, महिना 85 रुपये.)

हक्कसोड स्टँप पेपरवर आहे, दोन साक्षीदार आहेत, पण रजिस्टर नाही. घड्यांवर फाटत होतं म्हणून बाबांनी ते चक्क लॅमिनेट करून आणलेलं, वकिलांनी कपाळावर हात मारला होता. कोर्ट म्हणालं शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर कागद रजिस्टरच लागतो, त्यामुळे काकांचा निम्मा हिस्सा. प्रिलिमिनरी डिक्री (कोणाचा किती हिस्सा एवढंच ठरवणारा निकाल) होऊन आज 19 दिवस झाले. निकालाच्या नकलेचा अर्ज सहाव्या दिवशी टाकला, परवा हातात आली.

आता घोळ असा की आमचे वकील म्हणतात घाई नको, कोर्टाने नेमलेला कमिशनर येऊन मोजणी करू दे, फायनल डिक्री (कुठला भाग कोणाला हे ठरवणारी) झाली की एकदमच अपील करू. मामेभाऊ म्हणतो उद्याच शिवाजीनगर कोर्टात जा. बाबा 78 वर्षांचे, रात्री उठून कागद चाळत बसतात. त्यातच रविवारी ट्रंकेत धाकट्या आजोबांचं 1979 चं आंतर्देशीय सापडलं, "राहिलेले पैसे पोचले, आता वाडा तुमचा". हे अपिलात चालेल का? आणि अपील टाकलं की मोजणी आपोआप थांबते ना?

प्रतिसाद 1:
अजिबात थांबू नका! प्रिलिमिनरीवर अपील केलं नाही तर फायनलच्या अपिलात तिच्याबद्दल बोलताच येत नाही, सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम 97. निम्मा हिस्सा आहे की नाही हे ठरून गेलंय, पुढे फक्त कुठली खोली कोणाला. जिल्हा कोर्टात 30 दिवस, दाव्याच्या मूल्यांकनामुळे हायकोर्टात जात असेल तर 90. नकल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, पण अर्जाआधी तुम्ही घालवलेले नाही. आणि नुसत्या अपिलाने काही थांबत नाही, त्याच सीपीसीच्या ऑर्डर 41 रूल 5 खाली स्टेचा (स्थगितीचा) अर्ज सोबतच लावा.

प्रतिसाद 2:
पत्रासाठी ऑर्डर 41 रूल 27, म्हणजे अपिलात नवा पुरावा देण्याचा अर्ज. कसून शोधूनही तेव्हा मिळालं नव्हतं हे पटवावं लागतं, "ट्रंक उघडलीच नव्हती" म्हणालात तर अवघड आहे. आणि नुसत्या पत्राने मालकी येत नाही. पण वाटणी आधीच तोंडी झाली होती नि 78 चा कागद ही तिची नुसती नोंद, असं तुमच्या कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) आहे का? असेल तर रजिस्ट्रेशनच्या मुद्द्यावर भांडायला जागा आहे, नसेल तर अपिलात नवीन गोष्ट सहसा मांडू देत नाहीत.

धागाकर्ता:
कैफियत आत्ता काढली. पान 4 वर एकच ओळ आहे, "उभय भावांत पूर्वीच आपसात वाटणी झालेली होती". साक्षीत त्यावर एक शब्द नाही 😞 उद्या दुसऱ्या वकिलांकडे जातोय. आधीच्यांची एनओसी लागते का?

प्रतिसाद 1:
ते नंतर बघा, नव्या वकिलांना वकालतनामा (वकील नेमल्याचा कागद) नवाच लागतो. त्यांच्याकडची फाईल मात्र गोड बोलून आधी ताब्यात घ्या.